मुहूर्त टळला तरी लग्न टळत नाही

२० मे २०२५ची संध्याकाळ. पुण्यात वानवडीतल्या एका लॉनवर लग्न लागायचं होतं. सातच्या आसपासचा मुहूर्त, मांडव उघड्यावर, स्टेज सजलेलं, पाहुणे येऊ लागलेले. तेवढ्यात पाऊस कोसळला. थांबेल म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली, पण तो थांबेना. शेजारच्याच बंदिस्त हॉलमध्ये एका मुस्लिम कुटुंबाचा वलीमा होता, म्हणजे निकाहनंतर मुलाकडच्यांनी द्यायची मेजवानी. लग्नघरच्यांनी त्यांना जाऊन विचारलं, आमचे विधी उरकेपर्यंत जागा मिळेल का? त्या कुटुंबाने स्टेज मोकळं करून दिलं, त्यांच्या पाहुण्यांनी मांडामांडीला हात लावला आणि लग्न तिथे लागलं. वलीमा मागाहून सुरू झाला. दोन्हीकडची मंडळी जेवायला एकत्र बसली आणि दोन्ही जोडप्यांनी शेजारी उभं राहून फोटोही काढला.

ही बातमी गाजली ती सलोख्यासाठी, आणि ती गाजायलाच हवी होती. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. महिनोन्‌महिने आखलेलं लग्न तासाभराच्या आत उचलून दुसऱ्याच्या स्टेजवर नेता आलं, कारण लग्नाला मुळात लागतं ते फार थोडं. दोन माणसं, अग्नी, पाण्याचा कलश, तांदूळ, विधी सांगणारं कुणी आणि पाहणारे चार जण. बाकी सगळं हलवता येतं. आपल्याकडच्या विवाहविधीची घडण नीट पाहिली तर ऐन वेळी काहीतरी बिघडणारच, हे धरूनच ती केलेली आहे असं वाटतं. पाऊस, उशीर, आजारपण, मृत्यू यांतल्या प्रत्येकासाठी तिच्यात कुठे ना कुठे वाट काढून ठेवली आहे. पाहुणा म्हणून लग्नाला जाणाऱ्याला ती ठाऊक असेल तर गोंधळाच्या घटकेला त्याचा केवढा तरी आधार होतो.

पावसाचं आधी बोलू. एप्रिल-मे हा लग्नांचा हंगाम आणि तोच वळवाचाही. दिवसभर जमीन तापते, तापलेली दमट हवा वर चढते, दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात आणि तिन्हीसांजेच्या आसपास गडगडाटासह फुटतात. म्हणून उघड्या लॉनवरच्या संध्याकाळच्या लग्नाला वळीव गाठतो आणि सकाळी अकराच्या लग्नाला तो सहसा सोडून देतो. अशा ढगांचा ठावठिकाणा आठ दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा मात्र बऱ्यापैकी कामाचा असतो. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलेलं आहे, ते आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. वऱ्हाडातल्या एका तरी माणसाने त्या दुपारी हे दोन्ही पाहत राहावं. मांडवाचे लोखंडी खांब, ओलं कापड आणि जमिनीवरून नेलेल्या विजेच्या तारा यांच्यामध्ये विजा चमकत असताना दोनशे माणसं उभी ठेवणं धोक्याचं आहे. मुहूर्तासाठी तो धोका कुणी पत्करू नये.

मग मुहूर्ताचं काय? पत्रिकेवर १२ वाजून १७ मिनिटं असा जो काटेकोर आकडा असतो, तो येतो पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या राशीवरून, म्हणजे ज्योतिषातल्या ‘लग्ना’वरून. बारा राशी एका अहोरात्रात तिथून उगवून जातात, म्हणजे एकेकीच्या वाट्याला सरासरी दोन तास. ज्योतिषी प्रत्येक राशीचे नऊ भाग करतात. त्यातला एक भाग, नवांश, साधारण १३ मिनिटांत सरतो. मुहूर्त शोधणं म्हणजे चांगल्या राशीतला चांगला नवांश शोधणं. शेजारच्या हॉलमध्ये गेलं तर या गणितात कसलाही फरक पडत नाही. पुण्याचं लग्न मुंबईला हलवलं तर रेखांशामुळे चारेक मिनिटांचा फरक पडतो. मुंबईचं नागपूरला नेलं तर तो सुमारे २५ मिनिटांचा होतो, म्हणजे नवांश बदलून जातो आणि मुहूर्त नव्याने काढावा लागतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तर तिथल्या गावाचा सूर्योदय धरूनच पंचांग पाहावं लागतं. आणि कुठलंच शुद्ध लग्न हाती लागत नसेल तर मुहूर्तशास्त्राने गोरज ठेवला आहे. गाईगुरं घरी परतताना धूळ उडते ती वेळ, सूर्यास्ताच्या अलीकडची-पलीकडची. इतर दोषांकडे फार न पाहता त्या वेळी लग्न लावता येतं. दुपारचा मुहूर्त चुकलेल्या कितीतरी मांडवांनी गोरजाचा आधार घेतला आहे.

घड्याळं नव्हती तेव्हा ही वेळ घटिकापात्राने मोजत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची. तिच्या बुडाला बारीक भोक असतं. त्यातून पाणी आत येत राहतं आणि वाटी २४ मिनिटांत बुडते. ती एक घटिका, आणि अशा ६० घटिकांचा दिवस. मुहूर्त हुकल्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा या वाटीचीच आहे. भास्कराचार्यांची कन्या लीलावती कुतूहलाने वाटीत वाकून पाहायला गेली, तिच्या दागिन्यातला एक मोती सुटून आत पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त निघून गेला. मुलीचं लग्न राहिलं म्हणून वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असं ती कथा सांगते. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, आणि ‘लीलावती’ ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०चा. ही कथा मात्र त्यांच्या लिखाणात कुठेही नाही. ती आपल्याला मिळते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी अनुवादाच्या प्रस्तावनेत, म्हणजे चार शतकांहून अधिक काळानंतर. त्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ उभारला, त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. त्यांच्या घराण्याबद्दलचा हा पुरावा भक्कम आहे, कथेला तसा नाही. मोत्याची गोष्ट मला आणखी एका कारणाने खटकते. एक क्षण हुकला आणि मुलीचं आयुष्य थांबलं, हे तिचं सांगणं आपल्या विधींच्या स्वभावाशी जुळत नाही.

तो स्वभाव पाहायचा असेल तर मंगलाष्टकं ऐकावीत. अंतरपाट धरलेला आहे, अलीकडे-पलीकडे वधूवर हातात हार घेऊन उभे आहेत, पाठीशी मामा. गुरुजींची नजर मनगटावर. पहिली दोन-तीन अष्टकं ते स्वतः म्हणतात, मग माइक नवरीच्या मावशीकडे जातो. मावशींनी वहीच्या कागदावर दोन्ही घरांची नावं गुंफून शार्दूलविक्रीडितात रचना करून आणलेली असते. त्यांचं झालं की आत्या, मग शेजारच्या काकू. गुरुजी हळूच म्हणतात, “अजून दोन होऊ द्या.” वेळ सरत आली असेल तर हाताने खूण करून आवरतंही घेतात. आठ म्हणून नाव असलेली ही अष्टकं कधी पाच होतात, कधी बारा. वऱ्हाड अडकून पडलं, नवरदेवाचा फेटा सुटला, मामा जागेवर नाहीत, तर ही दहा-पंधरा मिनिटं भरून काढायचं साधन विधीनेच हाताशी दिलेलं आहे. शेवटचा संस्कृत श्लोक तर त्याहून पुढे जातो. देवाच्या चरणांचं स्मरण हेच शुभ लग्न, तोच चांगला दिवस, तेच ताराबळ आणि चंद्रबळ, असा त्याचा भाव आहे. इतक्या काटेकोरपणे काढलेल्या मुहूर्ताच्या ऐन क्षणी हे म्हटलं जातं, आणि आपण तेव्हा अक्षता कुणाच्या डोळ्यांत जाणार नाहीत ना, हे पाहण्यात गुंतलेले असतो.

अक्षता पडल्या की लग्न लागलं असं आपण समजतो आणि पंगतीकडे वळतो. विधीच्या दृष्टीने खरं काम त्यानंतर सुरू होतं. कन्यादान, विवाहहोम, पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी. धर्मशास्त्राप्रमाणे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलमही तेच सांगतं. विवाह दोघांपैकी एकाच्या घरच्या चालीरीतींनी व्हावा, आणि त्या रीतीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र मिळवलं म्हणून हिंदू विवाह झाला असं होत नाही. बारा सतराच्या अक्षता पावणेएकला पडल्या म्हणून लग्न कमअस्सल ठरत नाही, आणि अक्षता वेळेवर पडूनही सप्तपदी राहून गेली तर प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा गडबडीत काही गाळायची वेळ आली तर वरात, स्वागत समारंभ, रुखवताचं कौतुक हे गाळावं. होम आणि सात पावलं गाळू नयेत.

सगळ्यांत कठीण वेळ येते ती घरात मृत्यू झाला तर. लग्न दोन दिवसांवर आलेलं, आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि घरातला प्रत्येक जण ती भीती मनातच ठेवून पत्रिका वाटतो आहे, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. धर्मशास्त्राने या भीतीकडे डोळेझाक केली नाही. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. महाराष्ट्रातल्या भिक्षुकांचा तो रोजच्या वापराचा ग्रंथ. त्याने आधीच्या स्मृतिकारांचा नियम मांडला आहे, की कर्म सुरू झालेलं असेल तर त्या कर्मापुरतं सुतक लागत नाही. सुरू झालं म्हणजे कधी, याचीही व्याख्या आहे. व्रताला संकल्प, यज्ञाला ऋत्विजांचं वरण म्हणजे निवड, विवाहाला नांदीश्राद्ध. पितरांना बोलावून त्यांचा आशीर्वाद घेतला, देवक बसलं, की लग्न सुरू झालं. आणि हे नांदीश्राद्ध लग्नाच्या दहा दिवस आधीपर्यंत करायला मुभा आहे. घरात कुणी गंभीर आजारी असलं की जाणते गुरुजी देवक चार-सहा दिवस आधीच बसवून घेतात, ते यासाठी. पत्रिकेत त्याचा उल्लेख नसतो, पाहुण्यांना पत्ताही नसतो. नांदीश्राद्ध झालेलं नसताना तसं काही घडलं, सामानसुमान जमलेलं आहे आणि जवळपास दुसरा मुहूर्त नाही, तर कूष्मांड होमासारखा उपाय सांगितलेला आहे. एकदा बसलेलं देवक मंडपोद्वासनाच्या, म्हणजे मांडव उतरवण्याच्या विधीच्या, वेळी उठवतात. तोवर ते घर लग्नात आहे.

या नियमांत पाहुण्यांसाठीही दोन वाक्यं आहेत, आणि मला ती फार मोलाची वाटतात. लग्नासाठी आधीच ठरवून तयार केलेलं अन्न मध्येच सुतक आलं तरी वाया घालवायचं नाही. ते दुसऱ्या कुळातल्या माणसांनी वाढावं आणि आलेल्यांनी जेवावं. आणि लोक पानावर बसलेले असतानाच बातमी आली, तर त्यांनी दुसऱ्या घरचं पाणी घेऊन आचमन करावं, तेवढ्याने ते शुद्ध होतात. सुतक मानणारे आणि न मानणारे दोघांनीही यातला माणूसपणा पाहावा. दुःखात असलेल्या घराकडून वाढपाचं काम काढून घ्यायचं आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, मित्रांनी, परगोत्रातल्या पाहुण्यांनी उचलायचं. अशा लग्नाला गेलात तर बातमीची कुजबुज पंगतीत करू नका. कंबर कसून वाढायला उभे राहा.

गुरुजीच आले नाहीत तर? हंगामात एकेका गुरुजींकडे दिवसाला दोन-तीन मुहूर्त असतात. एका हॉलमध्ये उशीर झाला की दुसरीकडचा मांडव ताटकळतो. आता गावोगावी स्त्री पुरोहितही आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरुष दोघांना पौरोहित्य शिकवून आटोपशीर, अर्थ सांगत चालणारा विधी रूढ केला. त्याच्याही कितीतरी आधी, २५ डिसेंबर १८७३ला, सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून पहिला विवाह लावला. जोतीराव फुल्यांनी १८८७ मध्ये त्या पद्धतीचे विधी आणि मंगलाष्टकं पुस्तिकेच्या रूपाने छापली. त्यात वधूवर स्वतःच एकमेकांना वचनं देतात. सत्यशोधकांची ती ठाम भूमिका होती, अडचणीतली सोय नव्हे. पण लग्नाचा भार वधूवरांच्या शब्दावर आहे, मध्यस्थावर नाही, हे त्यांनी करून दाखवलं. ज्या घरची रीत ही आहे, त्यांचं लग्न कुणाच्या गाडीची वाट पाहत थांबत नाही.

आता स्वयंपाकघरात जाऊ, कारण वेळ लांबली की खरा ताण तिथे येतो. मुरलेला आचारी सगळं एकदम शिजवत नाही. मसालेभाताची सामग्री चिरून, फोडणीची तयारी करून ठेवतो आणि पातेली एकामागून एक चढवतो. अळूची पातळ भाजी, वरण मंद आचेवर तग धरतात. कोशिंबिरीत दही आणि मीठ शेवटी पडतं. पुरीची कणीक मळलेली असते, पण कढई पंगत बसल्यावरच तापते. मठ्ठा बर्फावर. “अजून किती वेळ?” हा प्रश्न आचाऱ्याने विचारला तर त्याला खरं उत्तर द्यावं, दिलासा देऊ नये, कारण त्याचा सगळा हिशेब त्या उत्तरावर असतो.

यात आरोग्याचा भाग आहे आणि तो गंभीर आहे. शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. मे महिन्यातल्या उकाड्यात तर एक तासच. भातावर बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात एक तर वाफाळता हवा, नाही तर नंतर ताजा टाकलेला. लग्न तीन तास लांबलं असेल तर मांडलेली दुधाची, खव्याची मिठाई आणि उघडी राहिलेली दह्याची कोशिंबीर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना देऊ नये. यजमान हे सांगायच्या मनःस्थितीत नसतात. जवळच्या पाहुण्याने केटररला बाजूला घेऊन शांतपणे सांगावं.

जवळच्या पाहुण्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. बेत बिघडला की सगळे वधूपित्याला गाठतात. काय झालं, किती वेळ लागेल, आता कुठे जायचं? त्या माणसाला त्या घटकेला कुणी प्रश्न विचारू नयेत. घरातला एखादा मेहुणा, चुलतभाऊ शोधावा आणि त्याला विचारावं. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती आजीआजोबांसाठी पुढे करावी. नऊवारी सावरत चिखलातून चाललेल्या करवल्यांना छत्री धरावी. कुणाचं चुकलं याची चर्चा दुसऱ्या दिवशीवर टाकावी. हॉलचा मॅनेजर, मांडववाला, डेकोरेशनवाला यांच्याशी भांडून त्या संध्याकाळी काहीही परत मिळत नसतं.

लग्नाला मुळात फार थोडं लागतं, हे कोरोनाच्या वर्षांनी आपल्याला सक्तीनेच दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती, आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. हजार पत्रिकांचा बेत २५ माणसांवर आला. ज्यांना जाता आलं नाही त्यांना हळहळ वाटली, आणि ती खरी होती. लग्न म्हणजे गोतावळ्याने एकत्र येणंही असतं. पण ती लग्नं पूर्ण होती. त्यांच्यात विधी कमी नव्हता, माणसं कमी होती. एकमेकांच्या हातात हात देताना वधूवरांना एरवी न मिळणारी शांतता मिळाली, असं त्या काळात लग्न झालेली कितीतरी जोडपी आजही सांगतात.

एक कागदोपत्री बाब मात्र ध्यानात ठेवायची असते. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८च्या अधिनियमाने होते. लग्नानंतर ९० दिवसांत नमुना ‘ड’मध्ये ज्ञापन द्यायचं, त्यावर वधूवर, लग्न लावणारे गुरुजी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. सोबत लग्नपत्रिका मागतात. ऐन वेळी जागा किंवा तारीख बदललेली असली, तर अर्जात पत्रिकेवरचं लिहायचं नाही. लग्न जिथे आणि ज्या दिवशी खरोखर लागलं तेच लिहायचं. पत्रिकेशी मेळ बसत नाही म्हणून कार्यालयात प्रश्न निघतो, तेव्हा नव्या जागेतले फोटो, गुरुजींची सही आणि साक्षीदारांचं म्हणणं कामी येतं. साक्षीदार म्हणून नेहमी काका-मामांचीच नावं घालतात, आणि नेमके ते त्या गडबडीत हॉलच्या दारात किंवा फोनवर असतात. होमाशेजारी उभा राहून सात पावलं पाहिलेला पाहुणा हा खरा साक्षीदार. तेव्हा लग्नघरातून महिन्या-दोन महिन्यांनी सहीसाठी फोन आला तर टाळू नये. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जावं आणि सही करून यावं.